इंजिन जाम नव्हतं

बाबा, तुमची गाडी सुरू झाली. एवढंच सांगायचं म्हणून कागद घेतला आणि मग लक्षात आलं की मी तुम्हाला आजवर एकही पत्र लिहिलेलं नाही. कोराडीहून इंदोऱ्याला इथल्या इथं पत्र कोण लिहितं? बस होती. ती बस मी वर्षातून किती वेळा पकडत होते, ते तुम्हाला माहीत आहे. आता तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आम्ही दोघंही रिटायर झालो, तुमचे जावई पॉवर स्टेशनमधून आणि मी आयटीआयमधून. कॉलनीतला क्वार्टर सोडला आणि आईजवळ राहायला आलो. आई ऐंशीची आहे. कानांनी कमी ऐकते, पण डाळ निवडताना एक खडा सुटत नाही तिच्या नजरेतून. घर बरंचसं तेच आहे. समोरच्या खोलीत टाइल्स बसवल्या, स्वयंपाकघरात उभा ओटा केला. मागच्या अंगणातलं टिनाचं शेड आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली तुमची अँबेसेडर, तेवढं मात्र तुम्ही ठेवलं तसंच होतं.

यंदा ऊन तापायच्या आधी मी कबाडीवाल्याला बोलावलं. शेड पाडून तिथं आईसाठी खुर्चीचा संडास बांधायचा होता, तिला आता खाली बसणं जमत नाही. कबाडीवाल्यानं ताडपत्री ओढली. गाडी विटांच्या चार थप्प्यांवर उभी होती, चाकं जमिनीपासून वीतभर वर. टायर वाळून चिरले होते, मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार केला होता, खालचा पत्रा दोन ठिकाणी गंजून गळून पडला होता. तो म्हणाला, आतला माल बघावा लागेल, बॉनेट उघडा. म्हणून मी उघडलं. बॅटरी काढून ठेवलेली होती. रेडिएटरचा नळ उघडा होता, म्हणजे पाणी सोडून दिलेलं. कार्बोरेटरच्या तोंडावर प्लास्टिक आणि त्यावर सुतळीचे वेढे. मी एक प्लग हातानं फिरवून पाहिला तर तो सुटला, आणि त्याच्या टोकाला मधासारखं दाट तेल. सिलिंडरमध्ये तेल ओतून प्लग वरवर बसवले होते. मागं जाऊन पाहिलं तर सायलेन्सरच्या तोंडातही चिंधीचा बोळा. मोडक्या गाडीसाठी कोणी एवढं करत नाही, बाबा. चालती गाडी बरेच दिवस उभी करायची असली की असं करतात. तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. कबाडीवाल्याला मी चहा पाजला आणि परत पाठवलं.

मला गाडी दुरुस्त करायची नव्हती, हे आधीच सांगते. आता मोहल्ल्यातले लोक येऊन म्हणतात, वा मॅडम, बापाची आठवण जपली. मी काही जपत नव्हते. मला फक्त पाहायचं होतं की इंजिन खरंच जाम होतं की नव्हतं. खरं तर हे काम एका दुपारचं होतं आणि त्यासाठी मला तेहतीस वर्षं लागली. मोटर मेकॅनिकची इन्स्ट्रक्टर मी, सणासुदीला घरी आले की मागच्या अंगणात हात धुवायला जायची, ताडपत्रीच्या बाजूनं जायची आणि यायची. एकदाही बॉनेटला हात लावला नाही. जाम असतं तर तुमच्यावरचा राग फुकट गेला असता. जाम नसतं तर काय, हा विचार मी पुढं नेत नव्हते.

गाडीशी माझी ओळख तुमच्यामुळंच. धंतोलीतल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडं तुम्ही ड्रायव्हर होता आणि रविवारी गाडी धुवायला जाताना मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. मी अकराएक वर्षांची असेन. डॉक्टरांच्या बंगल्यामागं तुम्ही चाक बदलताय आणि नट कसायचं काम मला दिलंय. मी एका नटापासून सुरुवात करून ओळीनं गोल फिरत सगळे कसते, पान्यावर उभी राहून कसते, आणि तुमच्याकडं बघते. तुम्ही सगळे नट सैल करता. माझ्या डोळ्यांत पाणी येतं. तेव्हा तुम्ही म्हणता, "गोल नाही वं. आमनेसामने. एका बाजूनंच ताणलं तं चाक तिरपं बसते." मग मी परत कसते आणि तुम्ही बिडी पेटवून दुसरीकडं बघत राहता, जणू मी चुकणारच नाही. दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म तुम्हीच आणला. सगळ्यांनी शिवणकाम सुचवलं होतं. तुम्ही मोटर मेकॅनिकवर खूण केली. पूर्ण बॅचमध्ये मी एकटी मुलगी होते. वर्कशॉपमध्ये पहिल्या आठवड्यात मुलं हसली, दुसऱ्या आठवड्यात विचारायला यायला लागली.

मी एकोणीस वर्षांची असताना डॉक्टर थकले. त्यांनी दवाखाना बंद केला आणि गाडी तुमच्या नावावर करून दिली. तेव्हाच ती जुनी झाली होती, पण तुम्ही ती अशी ठेवली होती की चौकात लोक वळून बघायचे. आपल्या कुहीकडच्या गावातून कुणाला धंतोलीत डॉक्टरला दाखवायचं असलं की निरोप तुम्हाला यायचा. दम्याचे, पोटाचे, पाय मोडलेले, सगळे त्या मागच्या सीटवर बसून आले. विजयादशमीला गावचे नऊ-दहा जण कोंबून तुम्ही दीक्षाभूमीवर आणायचे, लहान पोरं मोठ्यांच्या मांडीवर. आणखी एखादी म्हातारी वाटेत हात दाखवायची आणि तुम्ही थांबायचे. कुणाला नाही म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

म्हणून तो दिवस मला समजला नाही. मी बाळंतपणाला घरी आले होते. आल्यापासून गाडी शेडमध्येच दिसत होती. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, थोडं काम निघालं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, तान्ह्या पोळ्याची सकाळ होती, दहाचा सुमार. दिवस भरायला दोन आठवडे बाकी होते आणि माझं पाणी गेलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी आहे. तुम्ही अंगणात नळाजवळ. मी म्हणते, बाबा, गाडी काढा. तुम्ही शेडकडं बघता, माझ्याकडं बघत नाही. "इंजिन जाम हाय," तुम्ही म्हणता. आई आत जाऊन कपड्यांची पिशवी भरायला लागते. मग तुम्ही अनवाणीच रस्त्याकडं पळता. पळताना फाटकाला खांदा आपटतो, तरी थांबत नाही. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक होती, शहरातले मधले रस्ते माणसांनी भरलेले, ऑटो सगळे तिकडंच अडकलेले. अर्ध्या तासानं तुम्ही सायकलरिक्षा घेऊन आलात. आई माझ्याशेजारी बसली, तुम्ही एका हातानं रिक्षा धरून बाजूनं चालत होता. वाटेत मारबत जाळून परतणारा पोरांचा घोळका आला, इडापिडा घेऊन जाय गे मारबत, असं ओरडत. त्यांच्यासाठी रिक्षा थांबली. स्टेशनच्या अलीकडं एकदाचा ऑटो मिळाला. दवाखान्यात पोचायला दीड तास लागला.

मुलगी झाली, हे तुम्हाला माहीत आहे. ती रडली नाही. दोन दिवस काचेच्या पेटीत होती, तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. गळ्याभोवती नाळ होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, लवकर आलो असतो तर? त्या सरळ बाई होत्या. म्हणाल्या, सांगता येत नाही. त्या दुपारी तुम्ही डबा घेऊन आलात आणि दारात उभे राहिलात. इंजिन जाम असल्यावर माझा विश्वास बसला नव्हता. मी भिंतीकडं तोंड करून म्हटलं, "तुमची गाडी बरी हाय न? मंग झालं." एवढंच. ओरडले नाही. तुम्ही पुढं येऊन डबा स्टुलावर ठेवायला गेलात आणि तो कडेवरून खाली पडला, वरण फरशीवर पसरलं. मला वाटलं, रागानं आदळलात. तुम्ही वाकून हातानंच ते गोळा करायला लागलात, मग आया आली आणि तिनं पोतेरं मारलं.

त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही होता. आपण भांडलो नाही. मी आईशी बोलायची आणि तुम्ही ऐकायचे, तुम्ही आईला सांगायचे आणि मी ऐकायची. तीन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा त्याला तुमच्या मांडीवर मी ठेवला नाही, आईनं ठेवला. शेवटची काही वर्षं तुम्हाला दिसत नव्हतं. तुम्ही खाटेवर बसून असायचे आणि पावलांवरून माणूस ओळखायचे. मी आले की पाय जवळ घ्यायचे, जागा करून द्यायचे. मी दुसरीकडं बसायची. म्हातारपणात डोळे जातात, तसे गेले असं मी धरून चालले. तुम्ही गेलात तेव्हा मी सगळं केलं, जे लेकीनं करायचं ते. रडलेही. पण ज्याबद्दल बोलायचं होतं ते तसंच राहिलं, आणि राहिलं याची मला त्या वेळी फारशी खंतही वाटली नाही.

तर इंजिन. तुमच्या जावयांनी शेडमध्ये बल्ब लावून दिला आणि एक जुना पाट आणून ठेवला बसायला. हा माणूस विचारत नाही, वस्तू आणून ठेवतो. मी चारही प्लग काढले, डिझेल आणि ऑइल मिसळून सिलिंडरमध्ये सोडलं आणि चार दिवस तसंच राहू दिलं. पाचव्या दिवशी सकाळी समोरून हँडल घातलं. पहिल्यांदा हललं नाही. दोघांनी मिळून जोर लावला तेव्हा पाव फेरा फिरलं, मग अर्धा, मग पूर्ण. तरीही माझी खात्री होईना, म्हणून हेड उतरवलं, खालचं ऑइल पॅन काढलं, बेअरिंग उघडून पाहिलं. जाम झालेलं इंजिन खूण सोडतं, बाबा. सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात, बेअरिंगचा धातू वितळून पसरतो. हे तुम्हालाही माहीत होतं. तुमच्या सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होत्या. बोट फिरवलं तर तेलाखाली काच लागावी तशा. मी हात पुसले आणि पाटावर बसून राहिले. जावई म्हणाले, चांगलं निघालं की. मी म्हटलं, हो, फारच चांगलं निघालं.

तशीच तेलकट हातांनी मी स्वयंपाकघरात गेले. आई खाली बसून लसूण सोलत होती. मी उभ्यानंच तिला सांगितलं की गाडीला त्या दिवशी काही झालेलं नव्हतं, बाबा खोटं बोलले. आवाज चढवावा लागला, एक तर तिला कमी ऐकू येतं आणि दुसरं म्हणजे मला चढवायचाच होता. मला वाटलं ती चमकेल, नाहीतर म्हणेल जाऊ दे आता. तिनं हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली. म्हणाली, "मले माहीत हाय."

मी विचारलं, काय माहीत आहे?

"त्याईले दिसत नव्हतं वं."

मी म्हटलं, ते नंतर. ते म्हातारपणी. ती म्हणाली, नाही, आधी. मग तिनं जे सांगितलं ते तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, ते तुमचंच आहे. पण मी ते कसं ऐकलं ते लिहून ठेवते. मी घरी यायच्या महिनाभर आधी तुम्ही कुहीला एका पेशंटला सोडून एकटे परत येत होता. दिवस होता, ऊन होतं. रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. ती तुम्हाला दिसलीच नाही. गाडीच्या आरशाचा धक्का भाऱ्याला लागला आणि ती कडेच्या धानाच्या बांधीत जाऊन पडली. चिखल होता म्हणून लागलं नाही. तिनं उठून तुम्हाला शिव्या दिल्या, तुम्ही तिचा भारा उचलून दिला आणि मग बांधावर बसून राहिलात. ती बाई निघून गेली तरी बसून राहिलात. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलात. काचबिंदू. समोरचं दिसत होतं, बाजूचं जवळपास गेलेलं होतं, आणि गेलेलं परत येत नाही असं त्यांनी सांगितलं. घरी येताना गाडी तुम्ही इतकी हळू चालवली की सायकली पुढं जात होत्या, आणि आई पूर्ण रस्ता डाव्या बाजूला कोण आहे ते बोलून सांगत आली. शेडमध्ये लावली ती शेवटची.

मला कळेना की पहिल्यांदा काय विचारावं. मी विचारलं, मग मला काहून नाही सांगितलं? कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून 'काहून' निघालं, आयटीआयमध्ये मी 'का' म्हणायची सवय लावून घेतली होती. आई म्हणाली की आधी तू पोटुशी होती म्हणून नाही सांगितलं. ड्रायव्हरचे डोळे गेले हे लोकांत गेलं तर काय उरते, असंही तुम्ही म्हणाला होता. आणि नंतर?

आईनं लसणाची टरफलं पदरात गोळा केली. "मंग मी म्हटलं त्याईले, आता तं सांगा. त्या दिवशी पोट्टीले नेताना गाडी कुठं ठोकली असती तं दोघी गेल्या असत्या, हे सांगा तिले. तं म्हणे, आता सांगितलं तं तिले बहाणाच वाटन. लेकरू गेलं तिचं. तिले कोणावर तं राग काढू दे."

"आणि तू?" मी म्हटलं. "बाबाले जाऊन बावीस वर्षं झाली. तू काहून नाही बोलली?"

"त्याईनं नाही म्हटलं होतं," ती म्हणाली, "आन् तू बी कुठं इचारलं कधी?"

मी हात धुतले. साबणानं ते तेल निघत नाही, रॉकेल लागतं, हे माहीत असून साबणानं धूत राहिले. मला स्टुलाची कडा आठवली. फाटकाला आपटलेला खांदा आठवला. एक एक गोष्ट स्वतःहून जागेवर जाऊन बसत होती आणि मला त्यात काही करता येत नव्हतं. मला रडू आलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला दमल्यासारखं वाटलं. पंधरा दिवस मी शेडकडं फिरकले नाही. उघडं इंजिन धूळ खाऊ नये म्हणून जावयांनी त्यावर आईचं जुनं लुगडं टाकून ठेवलं होतं.

सोळाव्या दिवशी परत बसले, आणि त्यानंतर मात्र गाडी करायचीच असं ठरलं. कोणी ठरवलं म्हणाल तर सांगता येणार नाही. उघडलेलं इंजिन तसंच सोडणं मला शिकवलेलं नाही, एवढंच. रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह घासून बसवले. ब्रेकचं सगळं रबर दगड झालं होतं, ते नवीन घातलं. पेट्रोलची टाकी उतरवून तिच्यात खडे आणि साबणाचं पाणी घालून आम्ही दोघांनी ती दोन्ही बाजूंना धरून पोत्यासारखी हलवली, तेव्हा आतून तांबडा चिखल निघाला. उंदरांनी खाल्लेली वायरिंग मी पूर्ण काढून टाकली आणि नव्यानं ओढली. त्यात महिना गेला. पत्र्याचं काम माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं करून दिलं, त्याचं आता स्वतःचं गॅरेज आहे आणि त्याचे केसही पांढरे झालेत. तो यायचा तेव्हा मला पाना हातात देताना अजून मान खाली घालायचा. रंग तोच दिला, दुधात चहाचा थेंब पडल्यासारखा. संडास शेवटी शेडच्या पलीकडं बांधला, आईला तिथं जायला कठडा लावून दिला. शेड राहिलं. ती रोज दुपारी खुर्ची घेऊन तिथं येऊन बसायची. एकदा म्हणाली की तुम्ही गाडी विटांवर चढवत होता तेव्हा हाताला लागेल त्या अंदाजानंच सगळं करत होता, आणि तिनं मदत करते म्हटलं तर तिला कंदील धरायला लावलात, भरदुपारी. बाजूला उजेड पाहिजे म्हणे.

मी अजूनही तुमच्याशी सगळं मिटवलेलं नाही, हे सांगून टाकते. तुम्ही सांगायला हवं होतं. मी रागावले असते, बहाणा आहे असंही कदाचित म्हटलं असतं, पहिल्या वर्षी नक्कीच म्हटलं असतं. पण दुसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी? अकरा वर्षांत एखादा दिवस असा आला असता की मी ऐकलं असतं. तो दिवस कोणता हे तुम्ही ठरवलं नाही आणि मीही तुमच्या खाटेवर येऊन बसले नाही. दोघांचं मिळून हे झालेलं आहे. त्या मुलीबद्दल मात्र मी आता कुणालाच काही विचारत नाही. सांगता येत नाही, हे डॉक्टरीणबाईंचं उत्तर त्या दिवशी मला अपुरं वाटलं होतं, आज तेवढंच खरं वाटतं.

आईनं सांगितल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी एकटीच धंतोलीत गेले. ऐकून होते की हा आजार घराण्यात उतरतो. जावयांना सांगितलं, चष्म्याचा नंबर तपासते. एका अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसवतात, समोर पांढऱ्या वाटीसारखं काहीतरी असतं आणि त्यात कुठंही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं मी सगळे दाबले. कागद निघाला तेव्हा डाव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात काळा ठिपका होता, लहानसा. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा होता. म्हणाला, वेळेवर आलात, प्रेशर वाढलेलं आहे, दोन वेळा थेंब टाकायचे, आता हे आटोक्यात राहतं, गाडी चालवायला सध्या हरकत नाही. आणि म्हणाला, घरी सांगा, मुलाला तपासायला पाठवा, त्याला लवकर कळलं तर त्याचं काहीच बिघडणार नाही. मी हो म्हटलं. थेंबांची बाटली मसाल्याच्या डब्यामागं ठेवते. आईला वास येतो की काय कोण जाणे, पण ती त्या फळीकडं हात नेत नाही.

परवा मुलगा पुण्याहून आला आणि काल सकाळी आम्ही गाडी बाहेर काढली. कुहीला जायचं आईनंच ठरवलं. ती पुढं बसली, नवं पातळ नेसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मुलगा आणि त्याचे बाबा मागं. जाताना मीच चालवली. गाडी बरी चालते, तिसऱ्या गिअरला थोडा आवाज करते, तो काढीन. शहर संपल्यावर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागल्या, कापणीला आलेल्या. तिथं डाव्या कडेनं एक माणूस सायकल हातात धरून चालला होता, कॅरियरवर गवताचा भारा. तो मला दिसला. मी गाडी व्यवस्थित बाजूला घेतली, दोन हात अंतर सोडून पुढं गेले. कुणाला काही जाणवलं नाही, मुलगा मागं फोनवर फोटो दाखवत होता. पण तो माणूस मला दिसायला हवा होता तेव्हाच दिसला, की निमिषभर उशिरा, ते मी काल दिवसभर तपासत राहिले. चुलतभावाकडं जेवलो. सगळा मोहल्ला गाडी बघायला आला. म्हातारे लोक बॉनेटवर हात ठेवून तुमचं नाव घेत होते, आणि मी हसून सगळ्यांशी बोलत होते.

परत निघताना मी किल्ली मुलाच्या हातात दिली. म्हटलं, तू चालव, जुन्या गाडीचा क्लच जड असतो, पाय भरून आला माझा. तो खूश झाला. फाटकातून गाडी काढतानाच म्हणाला, "आई, क्लच तं एकदम हलका आहे." मी म्हटलं, तुला हलका, माझं वय झालं. आईनं मान वळवून मागं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढं बघून डाव्या बाजूला कोण कोण आहे ते ती नातवाला सांगायला लागली, बैल आहे, बाई आहे, पोट्टं आहे, आणि तो हसून म्हणत होता, आजी, दिसते मला.

क्लच जड नाही, बाबा. मी स्वतः बसवला आहे. मुलगा आत्ता बाहेर अंगणात गाडी पुसतोय, उद्या सकाळी त्याची ट्रेन आहे पुण्याची. हा कागद मी घडी करून माझ्याजवळच ठेवणार, तुम्हाला तो कुठं पाठवणार? पण एवढं सगळं मी तुम्हाला लिहिलं, आणि ज्याला दोन वाक्यांत सांगायचं आहे त्याला अजून सांगितलेलं नाही.